सिंगापूरहून बसने मलाक्का: स्वस्तातली परदेशवारी

सिंगापूरला आलेल्या पाहुण्यांचं सेंटोसा, मुस्तफा आणि मरीना बे उरकलं की प्रश्न येतोच, "आता जवळपास काय?" माझं उत्तर ठरलेलं आहे: मलेशियातलं मलाक्का. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत, देश दुसरा, आणि बसने गेलात तर खिशाला फारसा चटका नाही. या वेळी आई-बाबांना घेऊन रविवारी सकाळी निघालो आणि सोमवारी संध्याकाळी परत आलो. वार मुद्दाम असे निवडले, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी कागदपत्रं. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टला ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे. ती मुदतीची सवलत आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी चालू आहे ना ते पाहून घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली हवी. व्हिसा नसला तरी एमडॅक हे मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे; एखादी वेबसाइट पैसे मागू लागली तर ती सरकारी नव्हे. खरी मेख परतीच्या वाटेवर आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांचा सिंगापूर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, आणि परत शिरताना सिंगापूरचं आगमन कार्ड त्यांनी नव्याने भरायला हवं. सिंगापूरचे दीर्घ मुदतीचे पासधारक रस्त्याने येत असतील तर त्यांना ते लागत नाही. त्यामुळे यजमान निर्धास्त असतात आणि पाहुण्यांचं राहून जातं.

थेट कोचचं तिकीट साधारण २५ ते ३५ सिंगापूर डॉलरला पडतं. गंमत अशी की मलाक्काहून परतीचं तिकीट रिंगिट या मलेशियाच्या चलनात घेतलं तर बरेचदा आकडा जवळपास तोच असतो, फक्त चलन बदललेलं. एका डॉलरला तीनाहून अधिक रिंगिट मिळतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. याहून स्वस्तात जायचं तर क्वीन स्ट्रीटवरून १७० नंबरची बस पकडून सीमेपलीकडच्या जोहोर बाहरूच्या लार्किन स्थानकावर उतरायचं आणि तिथून मलाक्काची बस घ्यायची. एकट्यादुकट्या तरुणांनी हेच करावं. सत्तरीच्या माणसांना सामानासकट इतकं चढ-उतर करायला लावण्यात शहाणपण नाही, म्हणून आम्ही थेट कोच घेतला.

या प्रवासात अंतराला फार महत्त्व नाही, सगळं सीमेवर ठरतं. सिंगापूरचा चेकपॉइंट ओलांडताना मोठं सामान बसमध्ये राहिलं तरी चालतं. मलेशियाच्या बाजूला मात्र सगळं उतरवून स्कॅनरमधून न्यावं लागतं. येताना हाच प्रकार सिंगापूरच्या बाजूला होतो. म्हणून एकेक पाठपिशवी पुरे, चाकांची मोठी बॅग घरीच ठेवा. उतरण्याआधी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, कारण पलीकडे एकाच रंगाच्या बस रांगेने उभ्या असतात. आणि कोच ताटकळत थांबत नाही. आमच्या बसमधले दोघे रांगेत अडकले, ड्रायव्हरने वीसेक मिनिटं वाट पाहिली आणि सरळ गाडी काढली. १७० ला हा घोर नाही, एक चुकली की मागच्या १७० मध्ये बसायचं. वयस्कर माणसं सोबत असतील तर दाराजवळची सीट घ्या आणि आधी उतरा, रांगेतली पाऊण तासाची उभी शिक्षा वाचू शकते.

आता वारांचं गणित. शुक्रवारी संध्याकाळी अर्धं सिंगापूर बाहेर पडतं आणि रविवारी संध्याकाळी परत येतं. रोज कामाला येणारे मलेशियन सकाळी आत येतात, संध्याकाळी बाहेर जातात. म्हणजे सोमवारी संध्याकाळी सिंगापूरकडे येणारा माणूस गर्दीच्या उलट दिशेने चाललेला असतो. एक रजा टाकावी लागते, पण चार-पाच तासांचा प्रवास तेवढाच राहतो. लांब सुट्टीत तो किती लांबेल याला धरबंध नाही. शिवाय रविवारी रात्री हॉटेलं स्वस्त, आणि मलाक्काच्या जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवार असतो, त्यामुळे तोही हुकत नाही. परदेशी पाहुण्यांना खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो.

बस मलाक्का सेंट्रलला सोडते. तिथून जुनं गाव चार-पाच किलोमीटर. शहर बस आहे, पण तिघं असाल तर ग्रॅब टॅक्सी बरी, अॅप सिंगापूरचंच चालतं. लाल रंगाच्या डच चौकात सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढाल. भडक दिव्यांच्या, कर्कश गाणी लावलेल्या सायकलरिक्षा मला असह्य होतात. आईला मात्र भारी आवडल्या.

माझा जीव रमतो तो टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चच्या भग्न भिंतींत. पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये काही महिने याच चर्चमध्ये पुरलेलं होतं, मग ते गोव्याला नेलं. जाळीखालची ती रिकामी कबर अजून आहे. ते शव आज जिथे आहे ते जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च बाबांनी पाहिलेलं, त्यामुळे ते तिथे बराच वेळ रेंगाळले. उन्हाआधी, सकाळी नऊच्या आत चढा. पायऱ्या सोप्या आहेत. खाली उतरताना पोर्तुगीज किल्ल्याची उरलेली एकच वेस लागते. नदीपलीकडे १७८१ चं विनायगर मंदिर आहे. ते मलाक्काच्या चिट्टी समाजाचं. व्यापारासाठी येऊन इथलेच झालेले हे तमिळ. त्याच रस्त्यावर मशीद आणि जुनं चिनी देऊळ, सगळं पायी होतं.

शाकाहाऱ्यांनी सांबल ही मिरचीची चटणी पाहून भुलू नये, त्यात बहुधा बेलाचान म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. न्योन्या लाक्सा या नूडल्सच्या रश्श्याचंही तेच. मलाक्काच्या लिटल इंडियात केळीच्या पानावरचा भात पोटभर मिळतो. चेंडोल मात्र चुकवू नका: नारळाचं दूध, बर्फ आणि माडाचा गूळ. आईने दुसरा वाडगा मागवला.

बसमध्ये एसी कडक असतो, शाल हवीच. स्वच्छतागृहांसाठी सुटे सेन, म्हणजे मलेशियाची नाणी, खिशात ठेवा. मलेशियातून परतताना सिंगापुरात दारूला करमाफी नाही, म्हणून स्वस्त दिसली तरी बाटली उचलू नका. परतीचं तिकीट उतरल्या उतरल्याच मलाक्का सेंट्रलवर काढून टाका आणि दुपारी दोनच्या आसपासची बस घ्या.