भाऊबीजेनंतरचे कंदील

धनत्रयोदशी, रात्री

माहीमची कंदील गल्ली असो की पुण्यातली बोहरी आळी, आकाशकंदिलाचा सगळा बाजार या आठवड्यात उघड्यावर टांगलेला असतो. घरून कंदील करून विकणाऱ्यांना मात्र नेमकी याच दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. तरीही इतरांचा माल बघायला एक संध्याकाळ काढायलाच हवी, कारण पुढच्या वर्षीचे बरेचसे निर्णय तिथे लटकलेले दिसतात.

पन्नास जणांवर नजर ठेवण्यात अर्थ नाही. आपल्यासारखाच माल, जवळपास त्याच किमतीत विकणारे पाच-सहा जण पुरतात. वहीत प्रत्येकाचं एक पान करावं: कंदिलाची उंची, कागद की कापड, घडीचा की उभा, कुरियर धरून किंमत आणि 'ऑर्डर बंद' कधी जाहीर केलं ती तारीख. माझ्या मते या शेवटच्या नोंदीइतकी बोलकी दुसरी नोंद नाही. दसऱ्यालाच ऑर्डर बंद करणाऱ्याचे हात कमी पडताहेत. त्याच्याकडून परत गेलेलं गिऱ्हाईक पुढचे दोन-तीन आठवडे कंदील शोधत फिरणार असतं.

पाडवा

किंमत बघताना हमखास चूक होते. समोरचा 450 ला देतो, मग आपण 400 ला देऊ. पण त्याच्या 450 मध्ये कुरियर धरलेलं असतं आणि आपल्या 400 वर 90 चढतात, म्हणजे आपणच महाग. शिवाय तो कामट्या आणि कागद घाऊक घेतो, आपण किरकोळ. त्याचा आकडा उचलला तरी त्यामागचा हिशेब आपल्या हाती येत नाही.

हिशेब हवा असेल तर त्याचा एक कंदील रीतसर पैसे देऊन विकत घ्यावा. खोटं गिऱ्हाईक बनून कारागिराचा तास खाणं वाईट.

घरी आणल्यावर आधी खोका मोजायचा. बऱ्याच कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावतात. 32×32×40 चा उभा कंदील हातात पिसासारखा लागतो, पण कागदावर 8 किलोच्या वर जातो. तोच घडी करून 32×32×5 च्या खोक्यात घातला, तर 1.02 किलो. दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने असेल तर यालाही दीड किलोचे पैसे पडतात. खोका साडेचार सेंटिमीटर केला की 0.92, म्हणजे एक किलोतच बसतो. समोरच्याचा खोका चमत्कारिक मापाचा दिसला, तर बहुधा त्यामागे हाच हिशेब असतो.

मग शिवण उसवायची. खणाच्या सहा पाकळ्यांच्या कंदिलात एक पाकळी शिवणीसकट 20×27 सेंटिमीटर भरली, असं धरू. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 80 असेल तर आडव्या चार बसतात. चार कंदिलांच्या 24 पाकळ्यांना 162 सेंटिमीटर कापड लागतं. पाकळी 21 ची केली की आडव्या तीनच बसतात आणि तेच कापड 216 वर जातं. एका सेंटिमीटरपायी इतका फरक! टांगलेल्या कंदिलात तो कुणाच्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

भाऊबीज

आज रस्त्यावर काय उरलंय ते बघायचं. विकलं गेलेलं सगळ्यांना आठवतं, उरलेलं फक्त विकणाऱ्याला. एकाच रंगाचा ढीग चार दुकानांत पडून असेल, तर पुढच्या वर्षी त्या रंगाचं कापड जपून घ्यावं.

ऑनलाइन अभिप्रायांतले दोन आणि तीन ताऱ्यांचे आधी वाचावेत. पाच तारेवाले 'छान' म्हणून निघून जातात, एक तारावाले बहुतेकदा कुरियरवर चिडलेले असतात. मधले लोक मात्र नेमकं सांगतात: होल्डर आत जात नाही, झिरमिळ्या गुंतल्या, खळीला झुरळं लागली. (खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घातलं तर कीड लागत नाही, मोरचूद विषारी असतं, मुलांच्या हाती पडू देऊ नये.)

नक्कल करण्याचा मोह होतोच. पारंपरिक चांदणी सगळ्यांची आहे, ती खुशाल करावी. कुणी स्वतः रचलेला आकार मात्र डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदवलेला असू शकतो. ते संरक्षण 10 वर्षांचं, पुढे आणखी 5 वर्षं वाढवता येतं. कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याची मेहनत उचलू नये. म्हणून क्रम सांभाळावा: उन्हाळ्यात आधी आपली रेखाटनं पुरी करायची, वहीतली इतरांची पानं उघडायची ती त्यानंतर. उलट केलं की हात नकळत त्याच वळणावर जातो.

तुळशीचं लग्न

आपला एक आणि समोरच्याचा एक, दोन्ही कंदील एकाच गॅलरीत शेजारीशेजारी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवावेत. दिवसा ऊन, रात्री दव, आत सारखाच एलईडी दिवा. रंग कुणाचा आधी विटतो, कामटी कुठे वाकते आणि वारा सुटला की दोरीचं भोक कुणाचं आधी फाटतं, ते रोज वहीत तारखेसकट लिहायचं. फाटलेल्या भोकाला कापडाची दुहेरी पट्टी लावून तोच कंदील परत टांगायचा.