पावणेतीन मीटर पांढरं कापड

बाह्या नाहीत, खिसा नाही, बटण नाही. गळ्याशी बांधायला एक दोरी, डाव्या बाजूला छातीवर लाल क्रूस, बाकी नुसता घेर. अंकलनी कागदावर काढून आणलेलं चित्र बघून मला वाटलं, नाताळच्या नाटकातलं काही असेल. गिरगावात शिवणाचं दुकान म्हटल्यावर डिसेंबरात पऱ्यांचे पंख आणि मेंढपाळांचे डगले शिवावे लागतातच. पण तेव्हा जून चालू होता.

"नाटक नाही ताई, दीक्षा आहे माझी," अंकल म्हणाले.

अंकल कलिन्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. वीस वर्षं माझ्याकडेच पँटी शिवतात. रविवारची मिस्सा चुकवत नाहीत, हे ठाऊक होतं. पण ते एका छोट्या ख्रिस्ती नाइट मंडळात आहेत (नाइट म्हणजे जुन्या युरोपातले घोडेस्वार योद्धे), आणि तिथे सगळे टेम्पलरांसारखे पांढरे झगे घालून बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. मंडळाचं नाव लिहीत नाही, तसं त्यांना कबूल केलंय.

टेम्पलर म्हणजे मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती साधूंचा संघ. ते नाव काढलं की मला फक्त 'तेरा तारीख, शुक्रवार' आठवायचा. १३ ऑक्टोबर १३०७ ला फ्रान्सच्या राजाने त्यांना पहाटे धरलं, तोच हा शुक्रवार. अंकल म्हणाले, ते राहू द्या, तुमच्या कामाचं सांगतो. ११२९ साली फ्रान्समधल्या त्र्वा गावी धर्मसभा भरली आणि या लढवय्या साधूंना नियमावली मिळाली. त्या नियमांत कपड्यांचा एक वेगळा अधिकारी आहे. झगा कोणाला लांब होऊ नये, आखूड होऊ नये, ज्याच्या त्याच्या अंगाला बेतून द्यावा, म्हणजे कुचाळक्या करणाऱ्यांना बोलायला जागा राहणार नाही, हे त्याचं काम. पांढरा झगा फक्त नाइटना, हाताखालच्यांना काळा नाहीतर तपकिरी. फर लावायचीच तर मेंढीची किंवा कोकराची. आणि मला भारी आवडलेला नियम हा, की कोणी तोऱ्यात येऊन 'मला चांगल्यातला द्या' म्हणालाच, तर त्याला सगळ्यात वाईट द्यावा. अशी चार गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांसमोर लगेच आली.

"म्हणजे तुम्ही त्यांचेच वंशज?" मी विचारलं.

"छे! १३१२ साली पोपनी तो संघ मोडला, तिथे तो धागा तुटला. आमचं सगळं अठराव्या शतकातलं."

तेव्हा युरोपात फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळाच्या, लोकांनी टेम्पलरांच्या नावाने नव्या पदव्या काढल्या. त्यांच्यातला एक मोठा माणूस म्हणजे फ्रान्समधल्या लिऑनचा विलेर्मोझ, धंद्याने रेशीमवाला. १७८२ साली जर्मनीत विल्हेल्म्सबाद इथे हे सगळे जमले आणि आपण काही टेम्पलरांचे खरे वारस नाही, असं त्यांनी स्वतःच मान्य करून टाकलं. चिन्हं आणि विधी मात्र सोडले नाहीत. मला यात गैर वाटत नाही. फर्मा जुना, कापड नवं, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. मुंबईशीही याचा संबंध आहे, हे ऐकून मात्र मी हातातली कैची खाली ठेवली. जेम्स बर्न्स नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने १८३७ साली टेम्पलरांचा इतिहास छापला आणि त्याच बर्न्सने १८४३ साली इथे मुंबईत हिंदुस्थानी लोकांना घेणारी मेसन लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची शाखा, काढली.

पहिला झगा मी टेरिकॉटमध्ये बेतला. आटत नाही, चुरगळत नाही, पावसाळ्यात लवकर वाळतो. कच्चे टाके घालून अंकलना अंगावर टाकायला दिला. ते आरशाकडे न बघता डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "हलका आहे हो. माझा जड आहे."

"तुमचा कुठला?"

तेव्हा त्यांनी रोज सकाळी काय करतात ते सांगितलं. बायबलात इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात देवाची शस्त्रसामग्री आहे. सत्याचा कंबरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, शांतीची पादत्राणं, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार. ताठ बसायचं आणि मनातल्या मनात यातली एकेक वस्तू अंगावर चढवायची. चित्र दिसलं म्हणजे झालं, असं नाही. वजन जाणवलं पाहिजे. पट्ट्याचं बक्कल पोटाला गार लागलं पाहिजे, शिरस्त्राण घातल्यावर बाहेरच्या रिक्षांचा आवाज दबला पाहिजे. मन भटकलं तर पुन्हा पट्ट्यापासून सुरुवात. सगळ्यात शेवटी खांद्यावर झगा. पंधरा मिनिटं लागतात म्हणाले, आणि कधी कधी पट्ट्याच्या पुढे जायलाच होत नाही.

मला हे जराही परकं वाटलं नाही. आमच्या चाळीत दिवेलागणीला घराघरातून रामरक्षा ऐकू यायची. डोकं राघवाने राखावं, कपाळ दशरथाच्या मुलाने, मग डोळे, कान, नाक करत थेट पायांपर्यंत. ते कवचच तर आहे. त्याआधी ध्यान येतं, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा, धनुष्यबाण घेतलेला, पिवळं वस्त्र नेसलेला. आजी म्हणायची, नुसतं घडाघडा म्हणू नका, तिथे तिथे लक्ष न्या. आम्ही घडाघडाच म्हणायचो, कारण पुढे जेवण असायचं. फरक एवढाच, की आम्ही डोक्यापासून सुरू करतो आणि अंकल कंबरेपासून. आधी कंबर कसायची, मग बाकीचं. मराठीत हे वेगळं समजवायची गरज नव्हती.

अंकलनी संत इग्नेशियसचंही सांगितलं. आपल्या धोबीतलावच्या झेवियर्स कॉलेजवाल्या जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचा संस्थापक तो. आधी सैनिक होता, १५२१ साली तोफगोळ्याने पाय फोडला. पुढच्या वर्षी स्पेनमधल्या माँसेरातच्या देवळात, नाइट होणारे करतात तसं रात्रभर मरियेच्या वेदीपुढे जागरण केलं आणि तलवार तिथेच ठेवून दिली. त्याआधी अंगावरचे उंची कपडे एका भिकाऱ्याला देऊन स्वतः गोणपाट घातलं. झालं काय, तर कपडे चोरले म्हणून लोकांनी त्या भिकाऱ्यालाच धरलं! इग्नेशियसला हे कळल्यावर रडू आलं. असला माणूस मला पटतो. त्याने ध्यानाची जी पद्धत लिहिली, तिच्यात बेथलेहेमचा रस्ता डोळ्यांपुढे आणायला सांगितलंय. किती लांब, किती रुंद, सपाट आहे की डोंगरदऱ्यांतून जातो, गुहा केवढी, छत किती उंच. म्हणजे टेप घेऊन मापंच घ्यायची की!

मी टेरिकॉट बाजूला टाकलं आणि मंगलदास मार्केटमधून जाड सुती ड्रिल आणलं. पन्हा अठ्ठावन्न इंच, पावणेतीन मीटर. आधी पाण्यात घालून आटवून घेतलं. शहाणपण तिथेच संपलं. क्रूसाचं लाल कापड 'रंग जाणार नाही' या दुकानदाराच्या शब्दावर तसंच कापलं. सोमवारी दीक्षा आणि शनिवारी संध्याकाळी वाफेची इस्त्री फिरवताना क्रूसाच्या कडेने पांढऱ्यावर गुलाबी रंग उतरला. एका बाजूला तर बोटभर. मी खडू घासून पाहिला, लिंबू लावून पाहिलं. उसवला असता तर खाली गुलाबी क्रूस उरलाच असता. शेवटी लाल दोरी घेऊन कडेने हाताने टाचत बसले. तरी थोडं दिसतच होतं.

रविवारी अंकल आल्यावर सांगून टाकलं. मी पैसे घेणार नाही, असंही मी म्हणाले. त्यांनी झगा खिडकीशी नेऊन पाहिला आणि हसायला लागले. "नियमच आहे ताई. मी दोनदा नखरे केले ना कापडाचे?" पैसे पूर्ण दिले.

शपथेचे शब्द त्यांनी सांगितले नाहीत, मीही खोदून विचारलं नाही. जुन्या टेम्पलरांच्या दीक्षेचं तेवढं सांगितलं. आत येणाऱ्याला बजावायचे, की तुला आमचे घोडे आणि कपडे बाहेरून दिसतात, आतलं माहीत नाही. झोपावंसं वाटेल तेव्हा जागं करू, समुद्राच्या या तीरावर राहायचं असेल तर त्या तीरावर पाठवू, भूक लागेल तेव्हा उपाशी ठेवू. तरी तो हो म्हणाला, की त्याच्या गळ्याशी झग्याची दोरी बांधायची आणि बायबलातलं स्तोत्र १३३ म्हणायचं. त्या स्तोत्रात अहरोन याजकाच्या डोक्यावरचं तेल दाढीवरून ओघळत त्याच्या कपड्याच्या काठापर्यंत येतं. मी तेलाच्या डागाचा विचार करत होते. आमच्याकडे कहाणीत 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' येतं, तेव्हा तरी कुठे कोणी विचारतं, की वसा नेमका काय?

परवा, वर्षभराने, अंकल तीन पँटी घेऊन आले. तिन्ही माझ्याच शिवलेल्या, तिन्ही उजव्या गुडघ्यावर विरलेल्या. डावा गुडघा कोरा करकरीत.

"उजवाच का?"

"देवापुढे उजवा, राजापुढे डावा. जुनी रीत आहे."

"नव्या शिवू का?"

"नको. आतून ठिगळ लावा. जाड लावा."

पहिल्या झग्याचं टेरिकॉट अजून पडून होतं, पण ते पातळ. ड्रिलचा उरलेला तुकडा शोधून काढला. तिन्हींचे मिळून साठ रुपये सांगितले, त्यांनी घासाघीस करून पन्नास दिले.