व्हर्मीरचा निळा आणि होकुसाईचा निळा

डच चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) डेल्फ्ट शहरात जन्मला, तिथेच वारला, आणि त्याची म्हणून आज पस्तीसच्या आसपासच चित्रे ओळखली जातात. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील त्याच्या ‘दूध ओतणारी दासी’ या चित्रापुढे मला भव्य दरबारी चित्रांचा थाट फिका वाटतो. जेमतेम दीड फूट उंचीच्या या चित्रात दासीमागच्या पांढऱ्या भिंतीत एक खिळा आहे, त्याची बारीक सावली आहे आणि जुने खिळे उपटल्यावर उरलेली भोकेही आहेत. ज्या जागी सहसा कोणाची नजर ठरणार नाही, तिथे त्याने ही मेहनत घेतली. तिच्या एप्रनचा निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून केलेला, म्हणजे त्या काळी अत्यंत महागडा. (हौस म्हणावी की हट्ट?) व्हर्मीर वारला तेव्हा घर कर्जात बुडालेले होते आणि पावाच्या थकलेल्या उधारीपोटी त्याच्या पत्नीला दोन चित्रे बेकरीवाल्याच्या हवाली करावी लागली.

जपानी चित्रकार होकुसाईचे (१७६०–१८४९) सारेच निराळे. त्याने तिसाहून अधिक नावे धारण केली आणि अफाट काम केले. सत्तरी गाठल्यावर, १८३१च्या सुमारास त्याने रेखाटलेली कानागावाची प्रचंड लाट लाकडी ठशांवरून छापली गेली, आणि तिच्यातला निळा होता प्रशियन ब्लू, म्हणजे बर्लिनमध्ये प्रथम तयार झालेला कृत्रिम रंग. पुढे जपानी छापचित्रे युरोपात पोहोचली, तेव्हा क्लोद मोने आणि व्हॅन गॉग या चित्रकारांनी ती हौसेने जमवली.