एक कोयता म्हणजे दोन माणसं

बीड, पाथर्डी साइडला दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला माणसं निघतात तेव्हा मुकादम, म्हणजे मजूर गोळा करून नेणारा, माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा बायको जोडीने. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पण कोयत्याची, हिशोब पण कोयत्याचा, आणि पैसे कुणाच्या हातात, तर नवऱ्याच्या. म्हणजे बाई पहाटे उठून भाकरी थापणार, फडात दिवसभर ऊस तोडणार, मोळ्या बांधणार, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवणार, परत कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन चूल पेटवणार आणि तिच्या नावावर मजुरी किती, तर तशी वेगळी काही नाहीच!

१९७६ पासून समान वेतनाचा कायदा होता म्हणे, पण इथे बाईचं वेतनच वेगळं मोजत नाहीत तर समान कशाशी करणार?

खाडा झाला, म्हणजे एखादा दिवस कामावर गेलं नाही, की पैसे कापतात. पाळी असो नाहीतर ताप. २०१९ मध्ये बीडमधल्या बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायकांची ऑपरेशनं झालेली निघाली. डॉक्टरांवर सगळे तुटून पडले, बरोबरच आहे, पण पाळीच्या खाड्याचे पैसे कापतात त्याचं काय ते कोणी फार विचारलं नाही.

आणि यातली बरीचशी घरं वंजारी, बंजारा, दलित, कोरडवाहूवाली किंवा जमीनच नसलेली. माझं म्हणणं साधंय, आधी अर्धा कोयता तिच्या नावावर लिहा आणि पैसे तिच्या खात्यात टाका.