तुम्ही विचारलंत म्हणून : तंबू उडून जात नाही का?

मुलांना घेऊन वाऱ्याच्या किनाऱ्याने गाडीतून फिरतो आणि रात्री तंबूत राहतो, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग तंबू उडून जात नाही का?" पाठोपाठ विचारतात, तंबू कुठला घेतलात. खरं तर विचारायला हवं, मुक्कामाला किती वाजता पोचता? तंबू टिकतो की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

निरभ्र दिवसांत किनाऱ्यावरच्या वाऱ्याच्या वेळा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. ऊन चढेल तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. दुपार व्हायच्या सुमारास ते अंगाला जाणवू लागतात, दुपारनंतर जोर धरतात आणि सूर्य मावळला की ओसरतात. आता सहलीचा नेहमीचा बेत आठवून बघा. सकाळी आरामात निघायचं, वाटेत दोन ठिकाणं पाहायची, जेवायचं आणि चारच्या सुमारास मुक्कामाला पोचायचं. म्हणजे वारा सर्वांत जोरात असतो नेमकं तेव्हाच, दमलेली मुलं सोबत घेऊन, तंबूचं कापड पसरायचं!

आम्ही उलटं करतो. उजाडताच निघतो, दिवसाचं अंतर कमी ठेवतो, दहा-अकराच्या आत तंबू उभा करतो आणि मग फिरायला बाहेर पडतो. पोचायला उशीर झालाच तर घाई करत नाही. गाडीच्या आडोशाला काहीतरी खाऊन घेतो आणि अंधार पडता पडता वारा पडायची वाट बघतो. डोक्याला लावायचे टॉर्च त्यासाठीच वरच्या पिशवीत असतात.

वादळी हवेला मात्र या वेळा लागू होत नाहीत. म्हणून आदल्या रात्री अंदाज बघायचा, आणि त्यात नुसता सरासरी वेग नाही, झोतांचा आकडाही बघायचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा दाब चौपट होतो. 20 किलोमीटरच्या वाऱ्यात निवांत उभा असलेला तंबू 40 च्या झोताला वाकतो, तो यामुळे. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी 1805 मध्ये जहाजांसाठी मांडलेली वाऱ्याची श्रेणी आमच्या मुलांना पाठ आहे, आणि मला ते फार आवडतं. चौथ्या श्रेणीत, म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटरला, धूळ आणि कागद उडतात. पाचव्या श्रेणीत लहान झाडं डोलू लागतात. सहाव्या श्रेणीत, 39 ते 49 ला, मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणं अवघड जातं. पाचव्या श्रेणीपर्यंत आम्ही तंबू लावतो. सहावी दिसली की सामान गाडीतच राहतं आणि गाडी किनारा सोडून आतल्या रस्त्याला वळते. त्यावर घरात चर्चा होत नाही.

जागा निवडताना आधी वाळूवर वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ शोधायची. भरतीचं पाणी अलीकडे तिथवर आलेलं असतं. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे संध्याकाळी पाणी दूर दिसलं तरी ते रात्री परत येणारच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ती रेघही ओलांडली जाते. कड्याच्या टोकावरून देखावा सुंदर दिसतो, पण वारा कड्यावर आदळून वर उसळतो, तिथे झोपायचं नाही. दाट झुडपांच्या मागे, पण वाळक्या फांद्यांच्या खाली नाही, अशी जागा मिळाली की मी खूश.

गाडी उभी करतानाही वाऱ्याकडे बघावं लागतं. गाडीचं तोंड वाऱ्याकडे असेल तर वारा दार बंद करायला बघतो. पाठ वाऱ्याकडे असेल तर तोच वारा दार हातातून हिसकावून घेतो आणि मुलांची बोटं जवळच असतात. म्हणून दार मोठ्यांनीच उघडायचं, एका वेळी एकच.

मग तंबू. त्याची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या उलट बाजूला. पोल घालायच्या आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे मेखांनी जमिनीला पक्के करायचे. तोवर एका कोपऱ्यावर माझे सासरे बसतात आणि धाकटा ओरडतो, "आजोबा, अजिबात हलू नका हं!" मोकळ्या वाळूत साध्या मेखा धरत नाहीत, हात लावला तरी उपसून येतात. तिथे आम्ही कापडी पिशव्यांत ओली वाळू भरतो, मधोमध दोरी बांधतो आणि कोपरभर खोल खड्ड्यात पिशवी आडवी पुरतो. वरून वाळू लोटून मुलं त्यावर नाचतात, आणि त्या नाचण्यानेच ती घट्ट बसते. दोरी जमिनीशी साधारण 45 अंशांत ताणायची. झोपण्यापूर्वी सगळ्या दोऱ्या पुन्हा एकदा ओढून बघायच्या, कारण नायलॉन दमट हवेत सैल पडतं आणि सैल कापडच रात्रभर फडफडत राहतं. मुलं जागतात ती बहुतेक या आवाजाने.

दोन गोष्टींत मी कुणाचंही ऐकत नाही. वारा चुलीला त्रास देतो म्हणून स्टोव्ह तंबूच्या आत घ्यायचा नाही, दारातसुद्धा नाही. आगीची भीती आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच घात करतो. गाडीच्या आडोशाला स्वयंपाक होतो. तिथेही डब्याला जोडलेल्या स्टोव्हभोवती सगळ्या बाजूंनी पत्रा लावायचा नाही, गॅसचा डबा तापतो. नाहीच पेटला तर कोरडं खाऊन झोपायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो तेव्हा काठाजवळचं पाणी गुळगुळीत, शांत दिसतं, आणि मुलांना नेमकं तेव्हाच हवा भरलेली ट्यूब घेऊन आत जायचं असतं. हा वारा ट्यूबला मुलासकट आत ओढून नेतो, पोहणाऱ्यालाही गाठता येणार नाही इतक्या वेगाने. अशा वेळी ट्यूब गाडीत कुलूपबंद. वाऱ्यात ऊनही कळत नाही, अंग गार लागतं आणि कातडी भाजत असते. लांब बाह्या आणि कानावरून बांधलेला रुमाल दिवसभर अंगावर.

इतकं सगळं सांभाळून जायचं कशाला, असंही कुणी विचारतं. मला माझी मुलं तिथे जशी असतात तशी बघायला आवडतात. नवव्या वर्षी मोठी मुलगी गाडीतून उतरताच गवताकडे बघते, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते आणि हात लांब करून सांगते, "आई, दार तिकडे." तिने दाखवलेल्या बाजूलाच आम्ही तंबू मांडतो.