मुलीचं नाव टोनी

जर्मनीत, स्टुटगार्टला आमच्या ऑफिसच्या चहाच्या खोलीत सध्या एकच विषय चालू आहे. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीला नोव्हेंबरात मुलगी होणार आहे. (हो, इथे डॉक्टर आधी सांगतात. आपल्याकडे त्याला बंदी का घालावी लागली, ते आपल्याला ठाऊक आहेच.) तर त्या मुलीचं नाव 'टोनी' ठेवायचं, असं तिने ठरवलंय. अंतोनिया नाही, नुसतं टोनी. जन्मदाखल्यावर, पासपोर्टवर, सगळीकडे तेच.

टोनी म्हणजे आंतोनला लाडाने मारायची हाक. इथल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर टोनी म्हटलं की पुरुषच येतो, आणि बहुधा गोलरक्षक टोनी टुरेक. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने एक गोल वाचवला, तेव्हा रेडिओवर हेर्बर्ट झिमरमान ओरडला होता, ''तू फुटबॉलचा देव आहेस!'' तरुणांना फुटबॉलपटू टोनी क्रूस आठवतो. मुलींमध्येही टोनी असतात, पण कागदावर त्या बहुतेक अंतोनिया असतात. मॉडेल टोनी गार्नचंही मूळ नाव अंतोनियाच.

मैत्रिणीचे आजोबा आंतोन, रेम्स नदीच्या खोऱ्यात द्राक्षं पिकवायचे. सगळं गाव त्यांना टोनी म्हणायचं. नाव तिथून आलंय.

आता मतं. तिची आई म्हणते, ''कागदावर अंतोनिया ठेवा आणि हाक टोनी मारा, कुणी अडवलंय?'' आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हेच सांगितलं असतं. पाळण्यातलं नाव वेगळं आणि घरातलं वेगळं, ही सोय आपण पिढ्यान् पिढ्या वापरतो. घरातली बेबी शाळेच्या दाखल्यावर वैशाली असते, बाळूचा बाळकृष्ण होतो. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला निराळीच काळजी: ही मुलगी उद्या न्यायाधीश झाली तर दारावरच्या पाटीवर 'टोनी' शोभेल का? मला विचाराल तर शोभेल. पाटीवरच्या नावाला वजन येतं ते खुर्चीतल्या माणसामुळे.

पत्रांचा मुद्दा मात्र खरा आहे. जर्मनीत विमा कंपनीपासून वीज मंडळापर्यंत बहुतेकांचं पत्र 'आदरणीय श्री' किंवा 'आदरणीय श्रीमती' असंच सुरू होतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला नावावरून अंदाज बांधावा लागतो. सांगलीकडचा आमचा एक मित्र आहे, शीतल. तिकडच्या जैन घरांत पुरुषांचं हे नाव अगदी नेहमीचं. पण इथे त्याच्या पत्रपेटीत 'श्रीमती शीतल' नावाने पत्रं येतात. फोन केला की दुरुस्त होतं. कटकट आहे, पण तेवढ्यासाठी आवडतं नाव टाकून द्यावं असं त्याला कधी वाटलं नाही.

नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे, असा आग्रह पूर्वी इथली नोंदणी कार्यालयंच धरत. नाव दोन्हीकडे चालणारं असेल तर सोबत दुसरं, स्पष्ट नाव जोडा म्हणत. हा आग्रह मोडला तो एका भारतीय नावाने, आणि हे इथे आल्यावर कळलं तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. एका जोडप्याला मुलीचं नाव 'किरण' ठेवायचं होतं. कार्यालय म्हणालं, यावरून मुलगी आहे हे समजत नाही. प्रकरण थेट कार्ल्सरुहच्या संविधान न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २००८ मध्ये निकाल आई-वडिलांच्या बाजूने लागला. मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर नावातून लिंग कळायलाच हवं अशी सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. किरण मोरे आणि किरण बेदी ही दोन्ही नावं एका दमात घेणाऱ्या आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण इथे त्यासाठी देशाच्या सर्वोच्च पातळीवर भांडावं लागलं.

आइसलँडमध्ये तर ब्लायर नावाची मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत सरकारदरबारी नुसती 'मुलगी' म्हणून नोंदलेली होती, कारण ते नाव पुरुषी ठरवलं होतं. २०१३ मध्ये ती कोर्टात जिंकली.

लहान मुलांना यातलं काहीही जाणवत नाही, हे मी रोज बघते. माझ्या मुलीच्या बालवाडीत कोट अडकवायला प्रत्येकाची खुंटी असते आणि अक्षरओळख नसते म्हणून नावाशेजारी एक चित्र चिकटवलेलं असतं. तिच्या गटात दोन टोनी आहेत, एक आंतोन आणि एक अंतोनिया. एकाच्या खुंटीवर गोगलगाय, दुसरीच्या खुंटीवर पतंग. मुलं त्यांना 'गोगलगाय टोनी' आणि 'पतंग टोनी' म्हणतात. मुलगा टोनी, मुलगी टोनी असं कुणी म्हणालेलं मी अजून ऐकलं नाही.

या सगळ्या मतांत एका मताने मात्र मी अस्वस्थ झाले. एक सहकारी कौतुकाने म्हणाली, ''छान! मुलाचं नाव म्हणजे खंबीर वाटतं. इंजिनियर झाली तर अर्ज वरच्या गठ्ठ्यात जाईल.'' तिचा हेतू चांगला होता, पण मला आपल्याकडचं ''ही आमची मुलगी नाही, मुलगाच आहे'' हे वाक्य आठवलं. वडील ते अभिमानाने सांगतात आणि शेजारी उभी असलेली मुलगी हसते. लहानपणी माझ्याबद्दलही हे म्हटलं गेलंय. त्या कौतुकात मुलगी म्हणून माझी किंमत काय होती, हा प्रश्न पडायला मला बरीच वर्षं लागली. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींचं नव्याने बारसं झालं, कारण पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून त्यांची नावं नकोशी, नकुसा अशी ठेवली होती. टोनी आणि नकोशी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, मान्य. तरीही मुलाचं नाव दिल्याने मुलगी वरचढ होते असं मानलं, तर तिच्या पायाखाली तीच जुनी उतरंड राहते. आणि गंमत बघा, याच मंडळींना मुलाचं नाव 'अंतोनिया' ठेवायला सांगा, कुणी तयार होणार नाही.

'मोठी झाल्यावर बदलेल' हा दिलासाही इथे फारसा खरा नाही. महाराष्ट्रात राजपत्रात जाहिरात दिली की नाव बदलता येतं. जर्मनीत त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं आणि 'आवडत नाही' एवढं पुरत नाही. म्हणजे जे ठेवाल ते विचार करूनच ठेवा. जन्माची नोंद एका आठवड्यात करावी लागते, नाव मात्र महिनाभरात कळवलं तरी चालतं.

मागच्या आठवड्यात मैत्रिणीने मला सरळच विचारलं, ''तुझं काय मत?'' मी उलट तिलाच विचारलं, ''मुलगा असता तर काय ठेवलं असतंस?''

''टोनीच,'' ती म्हणाली. ''आजोबांचं नाव आहे ना.''

मग माझं मत टोनीला, आणि तेही पूर्ण, कागदावर. तिच्या आईला समजवायची जबाबदारी आता माझ्यावर आली आहे. रविवारी त्यांच्याकडे केक आणि कॉफीला जाणार आहे.