बँकॉकमधली पहिली सकाळ, एकट्याने

आज दिवसभर फिरून एक नक्की सांगते: बँकॉकची पहिली सकाळ नदीवरून सुरू करा. बीटीएसने (शहरातली उन्नत रेल्वे) सफान ताक्सिन स्टेशन, २ नंबरच्या दाराने खाली, समोर साथोर्न धक्का. नारिंगी झेंड्याची बोट घ्या. भाडं १६ बाथ, कुठेही उतरा. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट महाग पडते. सुट्टे पैसे हातात ठेवा. ‘था चांग’ धक्क्यावर उतरलात की राजवाडा (ग्रँड पॅलेस) चालत पाच-सात मिनिटं.

राजवाडा साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बाथ. गुडघे आणि खांदे झाकलेलेच हवेत. स्लीव्हलेसवर ओढणी घेऊन चालत नाही, बाहीचा टॉप लागतो. उशीर केलात तर गर्दी आणि ऊन दोन्ही एकदम अंगावर येतात. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात फोटो काढायचे नाहीत. मूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटर, आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिचा पोशाख बदलतो. शांत बसून बघा, पाय मात्र मूर्तीकडे करू नका.

बाहेर कुणी गोड आवाजात "आज राजवाडा बंद आहे, स्वस्तात टुकटुकने फिरवतो" म्हणालं, तर थांबूच नका. फेरी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात संपते, कारण तिथे त्यांना कमिशन असतं. राजवाडा उघडा आहे का, ते तिकीट खिडकीवरच विचारा.

मग दक्षिणेला ‘वाट फो’ हे बुद्ध मंदिर. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ शुभचिन्हं. बहुतेक जण चेहरा बघून परत फिरतात; तुम्ही पायांपाशी थांबा. मागे १०८ वाट्यांत नाणी टाकल्याचा किणकिणाट सतत चालू असतो, फार सुंदर वाटतो.